फळ्यांचं दुकान

लेगोच्या विटांचा आजचा घाट १९५८ सालचा, डेन्मार्कमधला. तेव्हाची वीट आजच्या विटेवर घट्ट बसते! म्हणून नातीला म्हटलं, खोक्यावरचं परदेशी दुकान राहू दे, आपण वाशीमचं जुनं दुकान बांधू.

विटेवरच्या उंचवट्यांना आम्ही ‘टिकल्या’ म्हणतो. दर्शनी रुंदी सोळा टिकल्या. मधे आठ टिकल्यांचं तोंड, दोन्ही अंगांना चार-चार. गवंड्यासारखंच, उभे सांधे एकाखाली एक येऊ द्यायचे नाहीत. नाहीतर भिंत फाटते. पुढे ओटा, वर माडी, तपकिरी कठडा.

खरी गंमत फळ्यांची. शटरं येण्याआधी दुकानं उभ्या फळ्यांनी बंद होत. खाली-वर खाच, फळीवर आकडा, शेवटच्या फळीला कुलूप. नातीनं विचारलं, “दिवसा या ठेवायच्या कुठे?”

मला बरोबर ठाऊक होतं. माहेरच्या दुकानाच्या फळ्या रोज सकाळी आम्ही बहिणीच काढून आतल्या भिंतीशी उभ्या करत असू. गादीवर मात्र भाऊ बसत. हे ऐकून नातीनं गल्ल्यापाशी बाईचीच बाहुली बसवली. मीही ‘असू दे’ म्हटलं.

मैत्रिणींनो, चित्र पाहून दुकान कुणीही रचील. माहेरचं दुकान मुलांबरोबर एकदा बांधाच. फळी कुठे ठेवायची, ते सांगायला आपणच आहोत ना!