शून्यापाशी खाच

भारनियमनाच्या काळात आमच्या अकोल्यात इन्व्हर्टर म्हणजे दोन दिवे नि पंखा चालवणारं खोकं. चौकोनी वेव्ह, टीएचडी, म्हणजे वेव्हची विकृती, ४८ टक्के, पंखा घुरघुरतोय, तरी गिऱ्हाईक खूश. मी तेव्हाही साइन वेव्हवर अडून होतो. तो तोरा अजून आहे, वेव्ह गिऱ्हाइकाला दिसावी म्हणून स्कोपचं तोंड मुद्दाम काउंटरकडे केलंय.

"काका, हे तं बिनलोडचं आहे. लोड लावून दाखवा ना," हाताखालचं पोट्टं म्हणालं. त्याला गाडीच्या बॅटरीतली वीज लाइनला परत द्यायची आहे. पंखा चालवताना व्होल्टेज आपलं असतं. लाइनला देताना व्होल्टेज तिचं, आपल्या हाती फक्त करंट. तिथं डेड टाइम, म्हणजे वरचा-खालचा स्विच एकदम चालू होऊ नये म्हणून दोन्ही बंद ठेवायचा क्षण, उघडा पडतो.

२० किलोहर्ट्झला आवर्तन ५० मायक्रोसेकंदांचं. त्यातला एक डेड टाइममध्ये गेला की ४०० व्होल्टच्या डीसी बसवर ८ व्होल्टची तूट. करंटची दिशा फिरली की तूटही फिरते, म्हणून ती १५०, २५०, ३५० हर्ट्झवर उतरते. फिल्टर २० किलोहर्ट्झ गिळतो, हिला शिवतही नाही. दिशा पाहून पल्स लांबवला की भागतं. पण शून्यापाशी रिपलमुळे करंट क्षणात इकडे, क्षणात तिकडे. भरपाई उलट्या बाजूला पडली की वेव्हमध्ये तिथं पडणारी खाच दुप्पट. म्हणून तिथं मी भरपाई हळूहळू चढवतो. तो पट्टा किती रुंद ठेवायचा, यातच माझी वर्षं गेली. हिवाळ्यात जुळवलेला पट्टा मे महिन्यात जुळत नाही. तापलेला आयजीबीटी स्विच बंद व्हायला रेंगाळतो, आणि मे आमच्याकडे ४५ अंशांचा.

विकणारे फुल करंटवरचा टीएचडीचा आकडा छापतात. दहाव्या हिश्शावरचा विचारा, लगेच वॉरंटीवर बोलू लागतात. आयईईई १५४७ या मानकाची ५ टक्क्यांची मर्यादाही रेटेड करंटवर मोजलेली, म्हणून कमी करंटवरची खाच नियमात बसून जाते. तिचा जाब मला कुणी विचारणार नाही.

पोट्टं म्हणतं, खाचेच्या मागं कशाला लागता? १५०, २५०, ३५० ला एकेक रेझोनंट कंट्रोलर लावा. त्यानं लावले, आणि त्याचा आकडा माझ्यापेक्षा कमी आला. ही व्रणावर पावडर आहे, असं मी त्याला ऐकवलं. खरं म्हणजे पद्धत चांगली आहे. ती मला सुचली नाही, एवढंच खुपतं.