घाटावरचं पाणी

४ जुलै
सातवीच्या वर्गात भारताचा नकाशा आज गुंडाळलेलाच ठेवला. आपल्या किंवा मामाच्या गावची नदी, नाहीतर नाला, कोणत्या दिशेला वाहतो, एवढंच लिहायला सांगितलं. मोताळा, मलकापूरकडच्या वह्यांत ‘उत्तर’ आलं. चिखली, मेहकरकडच्यांत ‘पूर्व’ किंवा ‘दक्षिण’. कोण खरं, यावरून वर्गात चांगलीच जुंपली. मी निकाल दिला नाही.

८ जुलै
व्हरांड्यात खडूनं जिल्हा काढला. मधून अजिंठ्याची रांग. घाटाखाली नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा पूर्णेला मिळतात. पूर्णा चांगदेवला तापीत जाते, तापी सुरतेजवळ अरबी समुद्रात. घाटावरची पैनगंगा मात्र वर्धा, प्राणहिता, गोदावरी असं करत बंगालचा उपसागर गाठते. बुलढाण्याच्या नळाला येणारं येळगाव धरणाचं पाणी याच पैनगंगेचं, हे सांगितल्यावर दोघं-तिघं उगाचच नळाकडे बघून आले.
मग एकानं देऊळगाव राजाकडची खडकपूर्णा दाखवली. “सर, मंग पूर्णा दोन हायेत काय?” हो, दोन. एक तापीची, एक गोदावरीची, आणि दोन्ही आपल्याच जिल्ह्यात. प्रश्न इतका नेमका होता की पुढचा धडा बाजूला ठेवला. गंगा-यमुना मुलं पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. उतार पायाखालचा असला की नदी आपसूक लक्षात राहते. सातवीत तरी सुरुवात इथूनच व्हावी, असं मला फार वाटतं.

९ जुलै
पाऊस. तपासणीची कागदपत्रं. तास झाला नाही.

१५ जुलै
प्रत्येकानं आपल्या गावापासून समुद्रापर्यंत खडूची रेघ ओढायची होती. लोणारची मुलगी सरोवराच्या काठावरून आत उतरली आणि थांबली. “सर, इथून बाहेर जायले वाटच नाही.”
अगदी बरोबर! उल्केच्या आघातानं बेसाल्टमध्ये पडलेलं ते विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. धारेचं गोडं पाणी आत येतं, बाहेर काहीच वाहत नाही. पाण्याची वाफ होते, क्षार मागे उरतात, म्हणून पाणी इतकं खारट आणि अल्कधर्मी. जून २०२० मध्ये ते गुलाबी झालं, तेही क्षार वाढल्यावर फोफावणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. तेव्हा ही मुलं अगदी लहान होती, तरी रंग बहुतेकांना आठवतो.
मग घाटाखालच्या खारपाणपट्ट्यातल्या विहिरींचा विषय निघाला. तिथल्या खारेपणाचं कारण वेगळं: पूर्णेकाठचा खोल गाळ, निचरा कमी. हे आज घाईत झालं, पुन्हा घ्यावं लागेल.

१६ जुलै
समोच्च रेषांचा धडा. पुस्तकातल्या टेकडीऐवजी लोणारपासून सुरुवात केली. वर्तुळाच्या आत जाताना आकडे वाढायचे की कमी व्हायचे, ते त्या मुलीनंच फळ्यावर लिहून दाखवलं. उद्या राजूर घाट: रेषा कुठे दाट होतील ते मोताळ्याहून एसटीनं येणाऱ्यांनी सांगायचं.