पाण्याची राखण

क्लोरीनचा वास म्हणून आपण ज्याला नाक मुरडतो, तो बहुतेक वेळा निव्वळ क्लोरीनचा नसतोच. निम्म्याहून अधिक तो आपला असतो. घाम, लघवीचा अंश, कातडीचे सुटलेले कण, जे जे म्हणून अंगावरून पाण्यात उतरतं त्याच्याशी झुंजता झुंजता क्लोरीन ज्यात बदलतो, त्या क्लोरामाइनांचा तो उग्र, डोळ्यांना चुरचुरणारा दर्प. लोक म्हणतात, औषध फार पडलंय. खरं तर ते कमी पडलेलं असतं. हे मला लेकीच्या घरी, न्यू जर्सीतल्या एडिसनला कळलं, आणि त्या वासावरचा माझा जुना राग विरून गेला.

तिच्या मागच्या अंगणात हॉट टब आहे. जानेवारीत, पाच वाजायच्या आत उजेड काढता पाय घेतो, कुंपणावर बर्फाची जाड किनार बसलेली असते, आणि अशात जावई ते जाड झाकण उचलून मागे टाकतो तेव्हा वाफेचा एक लोट उठतो, मावळतीचा उरलासुरला तांबूस रंग अंगावर घेत वर चढतो, शेजारच्या मेपलच्या उघड्या फांद्यांत अडखळतो आणि दिसेनासा होतो. चाळीस अंशांचं पाणी. चेहऱ्याला झोंबणारी थंडी आणि गळ्यापर्यंतची ऊब, या दोघींच्या सीमेवर बसलं की हाडांतलं वय हळूहळू सैल होतं.

पण हेच ऊन पाणी जंतूंनाही सुखाचं. क्लोरीन त्यात भराभर खर्चून जातो, आणि पाणी तरी असतं केवढं! पोहण्याच्या तलावात चारजण उतरले तर पत्ता लागत नाही. इथे चारजण म्हणजे गर्दीच. क्लोरीन विरला की अंगावर पुरळ उठवणारे जंतू आणि वाफेवाटे फुफ्फुसात शिरणारा लिजिओनेला आयतं घर बळकावतात. म्हणून जावई टबात उतरण्याआधी पाणी तपासतो. बोटभर नळीत टबातलं पाणी घेतो, त्यात औषधाचे थेंब टाकतो, आणि त्या निर्मळ पाण्यात गुलाबी रंगाचा एक धागा उलगडत खाली जातो, पसरतो, नळीभर होतो. मग ती नळी रंगांच्या पट्टीशेजारी धरून, एक डोळा बारीक करून बघणं. दहा लाख भागांत किमान तीन भाग क्लोरीन हवा. गंमत अशी की तो बेसुमार झाला तर गुलाबी रंगच उडून जातो आणि नळी कोरी दिसते. अतिरेक आणि अभाव, दोघांचा चेहरा एकच.

“आई, नुसता क्लोरीन असून भागत नाही, तो जागा हवा,” जावई सांगतो. पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, साडेसाताच्या आसपास असेल तर साधारण निम्माच क्लोरीन तडफेने काम करतो. सामू आठाकडे झुकला की बहुतेक सगळा पेंगतो. पाण्यात आहे, पण कामाचा नाही. अशी माणसंही मी पाहिलीत, त्यांचं असो.

मला आठवते ती आजोळची कोकणातली विहीर. पावसाळ्यात ग्रामपंचायतीचा माणूस टीसीएल पावडरचा पुडा घेऊन यायचा. बादलीत पावडर कालवायची, चुना तळाला बसू द्यायचा, वरची निवळी दुसऱ्या बादलीत घ्यायची आणि ती बादली दोराने विहिरीत सोडून पाण्याखाली अशी हिसडायची, की काठावरच्या नेच्यांपर्यंत थरथर पोचावी. तासभर कुणी पाणी काढायचं नाही. आजी कपाळाला आठ्या घालायची. पाण्याची चव गेली म्हणायची. आणि संध्याकाळी त्याच पाण्याचा पहिला हंडा तीच भरायची.

एडिसनपासून फार लांब नसलेल्या जर्सी सिटीतही अशाच आठ्या पडल्या होत्या. शहराच्या पाण्याचा दावा न्यायालयात चालू असताना डॉ. जॉन लील यांनी 1908 साली, कुणाची परवानगी न घेता, बूनटनच्या जलाशयातून येणाऱ्या पाण्यात क्लोरीनचा चुना मिसळायला सुरुवात केली. पाण्यात विष घालणारा माणूस! पुढे न्यायालयाने त्यांचं म्हणणं उचलून धरलं, आणि हीच रीत गावोगाव गेली. लील यांच्या त्या पहिल्या मिसळणीनंतर सातच वर्षांनी, एप्रिल 1915 मध्ये, पहिल्या महायुद्धात, ईप्रच्या रणांगणावर हाच क्लोरीन हिरवट-पिवळ्या ढगासारखा खंदकांत उतरला.

मात्रा. बाकी सगळं तेच.

पाहुणे येऊन गेले, पोरांनी धुडगूस घातला, की त्या रात्री जावई जास्तीचा डोस देतो. दाणे पाण्यावर पडतात, क्षणभर तरंगतात, मग भोवऱ्यात सापडून गिरक्या घेत विरघळतात. झाकण उघडंच ठेवायचं, कोंडलेला दर्प निघून जाऊ द्यायचा. सकाळी वास नसतो. पाणी कशाचंच काही सांगत नाही, म्हणजे बरं आहे.

तीनचार महिन्यांनी मात्र पाणी बदलावंच लागतं. दाण्यांसोबत येणारं स्थिरक साचत जातं आणि क्लोरीनला जखडून ठेवतं. तेव्हा जावई काहीच घालत नाही. झाकण काढून टब उन्हात उघडा टाकतो, कारण ऊन क्लोरीनला खाऊन टाकतं, आणि रोज तीच नळी तशीच पट्टीशेजारी धरतो. आता गुलाबी दिसता कामा नये. नात गुडघ्यांवर हात ठेवून वाकून बघते.

“बाबा, अजून थोडा आहे.”

“मग आज नाही सोडायचं. गवतात गांडुळं आहेत.”