हिचं जे गेलंय ते

९७० सीसी आणि ४५ हॉर्सपॉवर. मारुतीने १९८५ साली जिप्सी आणली तेव्हा बॉनेटखाली एवढाच ऐवज होता. आजच्या छोट्या शहरी गाड्यांतही याहून जास्त ताकद असते. पण जिप्सी वजनाने टनाच्या आत-बाहेर, पुढे-मागे पाटे, चारही चाकांना ओढ आणि ट्रान्सफर केसमध्ये लो गिअर. लष्कराने, पोलिसांनी, वनखात्याने ती वापरली, आणि गगनबावड्याच्या एका डॉक्टरांनी सेकंडहँड विकत घेतली. ते डॉक्टर म्हणजे माझे बाबा.

गगनबावड्याचा पाऊस ज्यांनी पाहिलेला नाही त्यांना ही खरेदी चैनीची वाटेल. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे जाणारा तो पाऊस. करूळ आणि भुईबावडा हे दोन्ही घाट तिथेच चढून येतात, आणि रस्ता सोडून धनगरवाड्यांकडे वळलं की जांभ्याचा लाल, निसरडा चिखल. अडलेली बाळंतीण, सर्पदंश, म्हाताऱ्याचा दमा यांतलं काहीही पाऊस उघडायची वाट बघत नाही. बाबांना वाडीपर्यंत पोहोचवेल आणि परत आणेल अशी गाडी हवी होती. तेवढं तिने केलं.

मग ती दमली. जो चढ ती तिसऱ्या गिअरमध्ये घ्यायची तो दुसऱ्यात घेऊ लागली, पुढे पुढे पहिल्यात. मी तेव्हा शाळेत होते, आणि घरात दोन बेत चर्चेला होते: ही विकून डिझेलची मोठी जीप घ्यायची, किंवा हिच्यात मोठं इंजिन बसवायचं. खेड्यातल्या दवाखान्याच्या उत्पन्नात यातलं काहीच बसत नव्हतं. बाबा गाडी घेऊन कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या एका वस्तादांकडे गेले, मी बरोबर होते. वस्तादांनी गाडी एक चक्कर चालवून आणली आणि म्हणाले, “डाक्टर, इंजिन बदलायचं म्होरं बघू. आधी हिचं जे गेलंय ते हिला परत देऊया.”

पुढचे दोन दिवस मी बॅटरी धरून उभी होते, आणि भौतिकशास्त्राची गोडी मला तिथेच लागली. आधी त्यांनी बाबांना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायला सांगितला आणि स्वतः कार्ब्युरेटरमध्ये डोकावले. केबल ताणली गेली होती. पेडल तळाला टेकलं तरी आतली झडप पुरती उघडत नव्हती. म्हणजे ४५ हॉर्सपॉवरमधला एक हिस्सा कितीतरी महिने नुसत्या केबलच्या ढिलाईत अडकून पडला होता. केबलचा नट आवळायला खर्च शून्य. मग डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्युमची नळी. ती तडकली होती, त्यामुळे ठिणगी हवी तितकी आधी पडत नव्हती. चाकं जॅकवर उचलून हाताने फिरवली, तर मागचं एक ब्रेकला घासत होतं. टॅपेट फिलर गेज लावून सेट केले. सायलेन्सर ठोकला, तर आत सुटलेल्या पत्र्यांचा खुळखुळ. धुराची वाटच बंद होत आली होती. गाडी घाटात आणली तेव्हा बाबांनी तिसरा गिअर टाकला आणि तो वरपर्यंत बदलावा लागला नाही. इंजिन न उतरवता हे झालं होतं.

कमी पैशांत ताकद वाढवण्याबद्दल मला जे सांगायचं आहे ते त्या दोन दिवसांतच आहे. लोक ताकद विकत घ्यायला निघतात, आणि स्वतःची हरवलेली ताकद मोजत नाहीत. जुन्या छोट्या इंजिनात ती कुठे कुठे गळते हे शोधायला फिलर गेज, कॉम्प्रेशन गेज, टायमिंग लाइट आणि चिकाटी एवढंच लागतं. बाबांना हे लगेच पटलं. तपासल्याशिवाय औषध लिहायचं नाही, हा त्यांचाही धर्म होता.

पुढे मी कोल्हापुरात ज्युनिअर कॉलेजात शिकवायला लागले आणि गाडी माझ्या वर्गात आली. बोअर केल्याने ताकद वाढते का, असं एका मुलाने विचारलं. जुन्या जिप्सीच्या सिलिंडरचा व्यास ६५.५ मिलिमीटर, स्ट्रोक ७२. अर्धा मिलिमीटर मोठा पिस्टन घातला तर चार सिलिंडर मिळून सुमारे १५ सीसी वाढतात. दीड टक्का. बोअर करायचा तो झिजलेल्या भिंती पुन्हा गोल करण्यासाठी. रिंगांमधून निसटणारा दाब परत मिळतो, आणि फरक जाणवतो तो त्याचा. हेड घासून कॉम्प्रेशन वाढवण्याचा सल्लाही उद्यमनगरात सहज मिळायचा. पण त्या काळचं पेट्रोल कमी ऑक्टेनचं. चढावर, पूर्ण लोडवर, कमी फेऱ्यांत इंजिन नॉक करू लागलं की पिस्टनच जातो. वस्तादांनी ते कधी केलं नाही.

टायरचं गणित मुलांना सगळ्यांत आवडायचं. २०५/७० आर १५ टायरचा व्यास ६६८ मिलिमीटर येतो, २३५/७५ आर १५ चा साधारण ७३३. गाडी उंच होते, दिसते देखणी, आणि चाकावरची ओढ नऊ टक्क्यांच्या आसपास कमी होते. म्हणजे महागडे टायर घेऊन आपण हॉर्सपॉवर विकतो. वजनाचंही तसंच. टनभराच्या गाडीवरचा लोखंडी कॅरिअर, जाड बंपर, कधीच न लागणारी अवजारं असं शंभर किलो उतरवलं, तर चढावर दहा टक्के ताकद वाढल्यासारखंच. आणि लो गिअर! हाय गिअरच्या तुलनेत त्यात चाकावरची ओढ दीडपटीहून जास्त होते. तो कारखान्यातूनच गाडीबरोबर आलेला असतो आणि कितीतरी मालक तो वर्षानुवर्षं टाकत नाहीत. चिखलात गाडी अडली की ताकद कमी पडली असं म्हणतात. बहुतेक वेळा चाक नुसतं फिरत असतं, टायरमधली हवा कमी करायची गरज असते.

इंजिन शेवटी बदललं. इथे मला घाई करायची नाही, कारण तो निर्णय बाबांनी अनेक वर्षं पुढे ढकलून मग घेतला होता. १९९६ ला जिप्सी किंग आली, १२९८ सीसी, ६० हॉर्सपॉवर; २००० मध्ये त्याच इंजिनाला सोळा व्हॉल्व्ह आणि एमपीएफआय मिळून ते ८० वर गेलं. आमच्या मूळ इंजिनाचा क्रँक दुसऱ्यांदा ग्राइंड करायची वेळ आली तेव्हा वस्तादांनी अपघातातल्या एका किंगचं इंजिन गिअरबॉक्ससकट मिळवलं. सगळ्यांना वाटत होतं ८० चं घ्यावं. बाबांनी ६० चं, कार्ब्युरेटरचं घेतलं. एमपीएफआयसाठी नवं वायरिंग, कंट्रोल युनिट, पेट्रोलचा पंप हे सगळं आलं असतं, आणि जुलैत गगनबावड्यात त्यातलं काही बिघडलं तर दुरुस्त करणारं कोणी नव्हतं. ६० चं इंजिन पाना आणि स्क्रू ड्रायव्हरवर चालणारं. माउंटिंग नवी केली, लहान शाफ्ट लेथवर कापून बॅलन्स करून घेतला, रेडिएटर किंगचा बसवला, आणि आरटीओत जाऊन नव्या इंजिन नंबरची आरसीवर नोंद केली. ही शेवटची पायरी गाळणारे खूप भेटतात. अपघातानंतर विमा कंपनी पहिला प्रश्न त्याचाच विचारते.

ताकद एक तृतीयांशाने वाढली. जुन्या गाडीचे ॲक्सल तसेच राहिले. त्यांचा क्राऊन-पिनियन किंगपेक्षा जास्त ओढीच्या रेशोचा, त्यामुळे हायवेवर गाडी आवाज करते, पण वाडीच्या चढावर ती लहानपणी नव्हती इतकी तयार असते. बाबांनी शेवटची काही वर्षं तिच्यातूनच व्हिजिट केल्या.

आता गाडी माझ्याकडे आहे, आणि पेट्रोल बदललं आहे. वीस टक्के इथेनॉल. आमच्याच जिल्ह्यातल्या उसाचंही त्यात असेल. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलहून सुमारे एक तृतीयांश कमी, म्हणजे टाकीतली सहा-सात टक्के ऊर्जा गेली. मिश्रणही पातळ होतं. रबराच्या नळ्या बदलल्या, मेन जेट एक नंबर मोठा घातला, आता बरी चालते.

भाचा इंजिनीअरिंगला आहे. त्याला मोठे टायर हवेत आणि जुन्या बलेनोचं १६०० सीसी इंजिन. मी नाही म्हटलेलं नाही. कॉम्प्रेशन गेज हातात दिला आणि चारही आकडे लिहायला सांगितले. तिसऱ्या सिलिंडरचा दाब बाकीच्यांहून एक किलोहून जास्त कमी आला. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजलं. रिंगा गेल्या असत्या तर काटा वर गेला असता, तो हललाच नाही. म्हणजे व्हॉल्व्ह धरत नाही. या महिन्यात हेड उतरवून व्हॉल्व्ह लॅप करायचं ठरलं आहे, लॅपिंग तो स्वतः करणार आहे. टायरचे पैसे तूर्त बँकेत आहेत.