अपना खालिद, तुमचा खालिद

इशानंतर जुन्या नाशकातल्या आमच्या टपरीवर फुटबॉलचा वाद रंगतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला फातोर्ड्यात सिंगापूरने आपल्याला २-१ हरवलं, आशिया चषकाची वाट बंद झाली. छांगतेने आधी गोल केला होता, म्हणून जास्तच लागलं. तेव्हापासून पोरांचं म्हणणं एकच: खालिद जमीलने बचावासाठी वेगळा कोच घ्यावा.

मला नाही पटत. याच माणसाने २०१७ मध्ये ऐझॉलसारख्या छोट्या क्लबला आय-लीग जिंकून दिली. पण क्लबात खेळाडू रोज हाताखाली असतात, राष्ट्रीय संघ मोजके दिवस एकत्र येतो. मागच्या चौघांना एकमेकांची चाल कळायला वेळ लागतो. त्यात त्या दिवशी संदेश झिंगन निलंबित.

टोचतं ते वेगळंच. ऑगस्टमध्ये नेमणूक झाली तेव्हा मोहल्ल्यात तो ‘अपना खालिद’ होता. ओमानला पेनल्टीवर हरवलं तेव्हा तर सगळ्यांचाच. आता समोरच्या बाकावरून ‘तुमचा खालिद’ ऐकू येतं, आणि आमची पोरं इरेला पेटून त्याची एकही चूक कबूल करत नाहीत. काल मी विचारलं, सिंगापूरच्या दुसऱ्या गोलच्या वेळी आपला बचाव नेमका कुठे फुटला? दोन्ही बाकांवरून कोणीच बोललं नाही. चहा मात्र दोन्हीकडे आला.