सगळं ऑनबोर्ड

परवा लेकीसाठी लॅपटॉप घ्यायला गेले होते. एक पसंत पडला. रॅम ८ जीबी. म्हटलं चालेल, पुढेमागे लागली तर वाढवू. तर दुकानातला मुलगा म्हणतो, "नाही मॅडम, रॅम ऑनबोर्ड आहे. बोर्डवरच सोल्डर केलेली. काय हवी ती आत्ताच घ्या."

ऑनबोर्ड! हा शब्द ऐकला आणि डोंबिवलीच्या घरातला आमचा जुना कॉम्प्युटर डोळ्यांसमोर आला.

२००३ साली बाबांनी तो लॅमिंग्टन रोडवरून असेंबल करून आणला होता. सेलेरॉन प्रोसेसर, ८४५ जीएल चिपसेटचा बोर्ड, १२८ एमबी रॅम, ४० जीबी हार्ड डिस्क. डिस्प्ले, साऊंड, लॅन सगळं बोर्डवरच. वेगळ्या कार्डांचे पैसे वाचले म्हणून बाबा खूश. घरी येऊन बघतात तर रॅम १२० एमबीच दिसतेय! जन्मभर बँकेत कॅश मोजलेला माणूस, लगेच दुकानात फोन. मग कळलं की ऑनबोर्ड डिस्प्लेला स्वतःची मेमरी नसते, तो रॅममधलीच ८ एमबी घेतो. "म्हणजे फुकट काही नसतं तर," बाबा म्हणाले.

पुढे धाकट्या भावाला गेम्ससाठी ग्राफिक्स कार्ड हवं झालं. कॅबिनेट उघडलं तर एजीपी स्लॉटच नाही. त्या चिपसेटमध्ये ती सोयच नव्हती. मग २००६ च्या पावसाळ्यात वीज कडाडली आणि गच्चीवरून आलेल्या इंटरनेटच्या वायरीतून थेट आमच्या लॅनचा बळी घेऊन गेली.

मी तेव्हा नुकतीच आयटीत लागले होते, त्यामुळे शहाणपण नुसतं ओसंडून वाहत होतं. म्हटलं, बोर्डच बदलू या. पण नवा बोर्ड म्हणजे नवं सॉकेट, म्हणजे नवा प्रोसेसर, मग डीडीआर-२ रॅम, मग २४ पिनांचा पॉवर सप्लाय... जुन्यातलं उरणार काय, तर कॅबिनेट आणि हार्ड डिस्क! बाबा म्हणाले, "एक कान बहिरा झाला म्हणून डोकं बदलायचं का?"

शेवटी कोपऱ्यावरच्या दुकानातला पोरगा आला. त्याने बायॉसमध्ये जाऊन ऑनबोर्ड लॅन बंद केलं आणि पीसीआय स्लॉटमध्ये एक छोटंसं कार्ड बसवलं. खर्च अडीचशे रुपये. त्याच्या जिवावर तो कॉम्प्युटर आणखी चार वर्षं चालला. आपला कुलवृत्तांत बाबांनी त्याच्यावरच टाइप केला. (नातेवाईक मंडळी, तुमच्या घरी जी प्रत आहे ना, तीच!)

हे सगळं आत्ता आठवायला आणखी एक कारण आहे. आई गेल्यापासून बाबा एकटेच राहतात. गेल्या वर्षी बाथरूममध्ये घसरून पडले. थोडक्यात निभावलं. मी हटून बसले, आता पुण्याला माझ्याकडेच चला. ते ऐकेनात. मी नको नको ते बोलले. महिनाभर आमचं फोनवर धड बोलणं नव्हतं. मग एक दिवस तेच म्हणाले, "अगं, दूधवाला, डॉक्टर, वाचनालय, संध्याकाळचा कट्टा... यातलं काय सुटं करून नेशील? सगळं ऑनबोर्ड आहे."

यावर मी काय बोलणार?

आता बाथरूममध्ये धरायला दांडे बसवलेत. दिवसभर एक मावशी असतात. दर शनिवारी मी कल्याणला उतरून लोकल पकडते. हे किती दिवस पुरेल, ठाऊक नाही. रात्री उशिरा फोन वाजला की अजूनही छातीत धस्स होतं. पण स्लॉट रिकामा आहे तोवर कार्ड लावत राहायचं, दुसरं काय?

लॅपटॉप मात्र १६ जीबीचाच घेतला. तिथे स्लॉटच नाही!