तीनशे शब्दांचा जामीन

19 मे 2024. पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे गाडीच्या धडकेत दोन तरुण अभियंते गेले. गाडी बड्या बिल्डरच्या अल्पवयीन मुलाच्या हातात, तरी त्याला काही तासांत जामीन. अटींत तीनशे शब्दांचा निबंध! पुढे त्याच्या रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयाच्या डॉक्टरांना अटक झाली. 1925च्या ‘द ग्रेट गॅट्सबी’ कादंबरीतही हेच: गाडी श्रीमंत डेझीच्या हातात, धडकेत एक बाई मेली, त्या सूडात जीव गेला डेझीच्या प्रियकराचा, गॅट्सबीचा, आणि डेझी नवऱ्यासोबत गाव सोडून मोकळी.

आमच्या नांदेड-लातूरकडं सोयाबीन पाण्यात गेलं, पीककर्ज थकलं, की बँकेची नोटीस थेट दारात. बाप ती घडी घालून बंडीच्या खिशात ठेवतो, ताटावरून अर्धपोटी उठतो. त्याच्यासाठी रात्रीतून वकील धावत नाही. मला या दुजाभावाची मनापासून चीड आहे. पुण्यात लोक खवळले तेव्हा कुठं तीन दिवसांनी त्या मुलाची रवानगी निरीक्षणगृहात झाली.